बापू पुन्हा चाल देतो

परवाच्या रविवारी सकाळी आमच्या वर्गात जे घडलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये...

आमचा वर्ग म्हणजे व्हिडिओ कॉल. मी नगरला, मल्हारी सुप्याला, सुशीला शिर्डीत आणि बापू आमच्या मिरजगावातच. चौघं एकाच शाळेतले, आता सत्तरी ओलांडलेले. दर रविवारी चहा झाला की मोबाईल उघडायचे आणि शाळेतल्या कविता चालीवर म्हणायच्या.

चाल द्यायचा बापू. शाळेतही तोच द्यायचा. गुरुजी नुसतं त्याच्याकडे बघायचे, तो पहिली ओळ उचलायचा आणि मागून अख्खा वर्ग... आजही डोळे मिटले की खिडकीतून येणारा बाभळीच्या फुलांचा वास येतो मला.

उन्हाळ्यात बापूच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आधी तो कॉलवर येऊन गप्प बसायचा, मग कॅमेरा बंद ठेवायला लागला, मग येईनासाच झाला. मी फोन केला तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, नका बोलवू त्यांना. तुमच्या कविता ऐकल्या की उठून मळ्यात जाऊन बसतात."

त्या दिवसापासून चैन पडेना. बापूला बोलवायचं तरी कुठल्या तोंडाने?

मग एकदा सूनबाईची ऑफिसची मीटिंग चालू असताना पाहिलं... स्क्रीनवर पांढरा फळा, आणि चार गावांतली माणसं त्यावर एकदम लिहितायत! "बाबा, हे अ‍ॅड-ऑन आहे, कॉलला जोडलेली जादा सोय, चालू कॉलमध्येच उघडते," ती म्हणाली. झालं! आठवडाभर सराव केला. टॅबलेटवर एक मी, मोबाईलवर दुसरा मी... दोघांनी मिळून फळ्यावर भरपूर रेघोट्या ओढल्या.

रविवारी वहिनींना विनवून बापूला समोर बसवलं. मी ऐटीत फळा उघडला, सातवीतल्या नदीच्या कवितेची पहिली ओळ लिहिली आणि म्हणालो, "चला, लिहा पुढे!"

मल्हारी म्हणाला, "काय लिवायचं? आमाला तर नुसतं तुजं टक्कल दिसतंय!"

फळा मी एकट्यापुरताच उघडला होता... 'सगळ्यांसाठी सुरू करा' हे बटण राहिलंच होतं. ते दाबलं, तशी त्यांच्याकडे 'सामील व्हा' अशी पाटी आली. एकेक करून नावं उमटली. शेवटी बापूचंही.

बोटांनी लिहिलेली वाकडीतिकडी अक्षरं... दोन कडवी कशीबशी झाली आणि तिसऱ्याला तिघंही अडलो. कुणालाच आठवेना. तेवढ्यात कोपऱ्यात निळ्या रंगात एक ओळ सावकाश उमटायला लागली. बापू लिहीत होता! मी चष्मा सावरून वाचायला लागलो...

आणि अख्खा फळा पांढरा!

"आरं, माजी पाटी लई घान झाली हुती, म्हनून पुसली," मल्हारी निवांतपणे म्हणाला.

"मुडद्या, तुजी कसली पाटी? सगळ्यांची एकच हाय ती!" सुशीला ओरडली.

ज्याची पाटी त्याच्या मांडीवर, अशा शाळेत वाढलेली आम्ही माणसं. पण बापू नुसता स्क्रीनकडे बघत राहिला. आता हा उठून मळ्यात जातो, असंच वाटलं मला.

मग फळ्यावर भली मोठी निळी अक्षरं आली... 'मल्ह्या, कान धरून उभा राहा.'

मल्हारी खरंच कान धरून उभा राहिला हो! सुशीला हसता हसता डोळे पुसायला लागली. आणि बापूने ते तिसरं कडवं सबंध लिहून काढलं, एकही काना-मात्रा न चुकता.

एवढ्यावर तो थांबला नाही. ओळींखाली रेघ ओढायला लागला. रेघ वर गेली की आम्ही सूर चढवायचा, लांबली की लांबवायचा. त्याचं बोट पुढे आणि आमचे तीन घोगरे आवाज मागे... अख्खी कविता म्हटली आम्ही!

कणकेच्या हातांनी वहिनी त्याच्या मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, पुढल्या रविवारी जरा लवकरच लावा फोन."

ज्या कुणाच्या डोक्यातून हा फळा निघाला, त्याचं भलं होवो. आमच्या वर्गाला पुन्हा बापू चाल देतो... आणि आम्ही मुकाट्याने त्याच्या बोटामागे जातो.