छताचा नकाशा मी झोपून काढला

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही. ओळखीतले बाकी सगळे हसून झालेत. तुम्हीच तेवढे राहिलात.

मी इंजिनिअर माणूस. भोपाळच्या कारखान्यात उभा जन्म ड्रॉइंग तपासण्यात गेला. दुसऱ्याच्या ड्रॉइंगमधली चूक मला लांबून दिसायची आणि ती मी चारचौघांत दाखवायचो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात माझी कुणालाच दया का आली नाही, ते यावरून कळेल.

पिपलानीच्या क्वार्टरमध्ये आम्ही एकतीस वर्षं काढली. क्वार्टर झकास, पुढे पेरूचं झाड, मागे अंगण. पण स्वयंपाकघरातला दिवा मागच्या भिंतीवर. सुधा, म्हणजे आमची सौ., ओट्याशी उभी राहिली की तिची सावली नेमकी कढईत पडायची. रिटायरमेंट जवळ आली, आनंद नगरला घर बांधायला घेतलं, तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली.

"फरशी तुमच्या मनाची, रंग तुमच्या मनाचा. ओट्यावर तेवढा उजेड द्या. मला एकदा स्वतःच्या सावलीशिवाय फोडणी करायची आहे."

म्हटलं, एवढंच? अगं, ओट्यावर एक सोडून तीन दिवे देतो. आणि लटकणारे नाहीत, छतात भोक पाडून आत बसवतात ते, सपाट, गोल. दिवा दिसणारच नाही, नुसता उजेड दिसेल.

मिस्त्री होते नफीसभाई. म्हणाले, "साब, भाभीजी से पूछ के मैं निशान लगा दूँ? आधे घंटे का काम है."

आता सांगा, एवढी वर्षं ड्रॉइंग तपासलेला माणूस खडूच्या खुणांवर घर सोडेल? मी म्हटलं, ड्रॉइंग मी देतो.

आणि छताचं ड्रॉइंग काढायचं तर छत नीट बघायला हवं की नको? मी सतरंजी घेऊन रिकाम्या घरात गेलो आणि प्रत्येक खोलीत जमिनीवर उताणा पडलो. पॅड चेहऱ्यावर धरायचं, वर बघायचं, काढायचं. चौकोन, त्यात दिव्यांचे गोल, आणि वरच्या कडेला 'रस्ता' असं लिहिलं, म्हणजे पुढची बाजू कळावी. दारं-खिडक्या काढल्या नाहीत. छताला दार कुठे असतं? तीन तास लागले. ड्रॉइंग देखणं झालं.

फक्त मला उठता येईना. गार फरशीने कंबर धरली होती. दोघा मजुरांनी उचलून स्कूटरऐवजी ऑटोत घातलं आणि पुढचे आठ दिवस मी क्वार्टरमधल्या पलंगावर, पुन्हा उताणाच.

नफीसभाई कागद न्यायला तिथेच आले. बराच वेळ बघत राहिले.

"साब, ये ऊपर से देख के बनाया है के नीचे से?"

कंबरेतून कळ येत होती. मी म्हटलं, "ऊपर का है भाई. छत कभी नीचे होती है क्या?"

"ऊपर का. ठीक है साब."

"आणि सुनो. जैसा कागज पे है, वैसा ही करना. अपना दिमाग मत लगाना."

त्यांनी खरंच डोकं लावलं नाही. चूक कुणाची, ते तुम्हीच ठरवा.

आठ दिवसांत पीओपीचं छत दिव्यांसकट तयार. मी सुधाला आत पाऊल टाकू दिलं नाही. म्हटलं, एकदम बघ. संध्याकाळी कंबरेला पट्टा बांधून मी तिला घेऊन गेलो, शेजारच्या क्वार्टरमधल्या कुलकर्णी पतिपत्नींनाही बोलावलं. सामान आदल्या दिवशीच लागलं होतं. मी स्विच दाबला.

देवघराचा कोपरा काळोखात. समोरच्या कोपऱ्यातल्या चपलांच्या रॅकवर मात्र असा सुंदर, सौम्य, सोनेरी प्रकाश पडला की कुलकर्णी नकळत हात जोडायला निघाले.

"काय हो, हल्ली चपलांना लाइट देतात का? कोल्हापुरी उठून दिसतेय पण."

बेडरूममध्ये उशीवर पडायचा तो उजेड कपाटाच्या कुलपावर. जेवणाच्या टेबलावरचे दोन दिवे तेवढे बरोबर लागले होते, कारण ते मधोमध होते, आणि मध्य कसाही उलटा केला तरी मध्येच राहतो. सुधा कुठेय? ती तडक स्वयंपाकघरात गेली होती. मी कंबर धरून मागोमाग गेलो.

तिन्ही दिवे समोरच्या भिंतीशी, फ्रिज आणि गव्हाच्या पिंपावर. ती ओट्याशी उभी, दिव्यांकडे पाठ करून. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे ओट्याकडे बघत होती.

"अहो, क्वार्टरमध्ये माझी एक सावली पडायची," ती म्हणाली. "इथे तीन पडतात."

मी फोन करून नफीसभाईंना बोलावलं आणि ते येताच फैलावर घेतलं. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं माझंच ड्रॉइंग काढलं. खाली माझी सही.

"साब, मैंने पूछा था. आपने बोला, ऊपर का. मैंने ऊपर से देख लिया."

सुधाने कागद घेतला, दिव्यासमोर धरला आणि पाठीमागून बघितला. "हे मागून बघितलं की सगळं बरोबर आहे," ती म्हणाली.

कुलकर्णी वहिनी बाहेर गेल्या. बाहेरून त्यांच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

नफीसभाईंचं कोटरा सुल्तानाबादला दुसरं काम लागलं होतं. छत पुन्हा कापायला ते पंधरा दिवसांनी येणार. मी घाईघाईने म्हटलं, तोवर ओट्यावर एक साधा बल्ब लावून टाकू.

"नको," सुधा म्हणाली. "हे पंधरा दिवस स्वयंपाक तुम्ही करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे केले. मोहरी दिसेना, हळद किती पडली कळेना, डबे सगळे सारखेच काळे. मागे भरपूर उजेडात, फ्रिजशेजारी खुर्ची टाकून सुधा पेपर वाचत होती. मी बशी दिली. तिने एक घास खाल्ला.

"मीठ घातलंत?"

"घातलं की. आणि आपल्या पद्धतीने वर साखर."

"म्हणजे साखर दोनदा घातलीत."

मी अगदी खजील झालो. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला तिच्याबद्दल इतका आदर वाटला की डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "सुधा, असल्या अंधारात तू एकतीस वर्षं स्वयंपाक केलास, आणि एकदाही चुकली नाहीस?"

तिने पान उलटलं.

"चुकायचे की. आठवड्यातून एकदा तरी. तुम्ही पेपर वाचत सगळं खायचात, आणि वर 'झकास झालंय' म्हणायचात."