दंडावरच्या तीन बांगड्या

चौथीनंतर माझी शाळा सुटली. लग्न झालं आणि नवऱ्यामागोमाग रत्नागिरीकडून यवतमाळ जिल्ह्यात आले. तो रस्त्याच्या कामावर होता, तापानं गेला. परतायचं तर कुणाच्या दारात? घाटंजीच्या बाजूला एका लहानशा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला आया म्हणून ठेवून घेतलं. ते उपकार मी आजही विसरले नाही. सत्तावन-अठ्ठावन साल असेल.

माझं मुख्य काम उकळण्याचं. कात्र्या, चिमटे, फडकी. सिस्टर बजावायच्या, "जे उकळलं नाही ते जखमेजवळ न्यायचं नाही." चूक झाली तर काढून टाकतील, या भीतीनं मी पाण्याला आधण आल्याचं दोनदा पाहायची.

एक दिवस बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक बाई आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. डाव्या कोपराच्या वर लिंबाएवढी गाठ, आणि दोन्ही दंडांत लग्नापासूनच्या हाडाच्या पांढऱ्या बांगड्या. नवरा आहे तोवर त्या उतरवायच्या नाहीत, ही त्यांची रीत. गाठ कापायची म्हणून डाव्या हातातल्या काढाव्या लागल्या. शुद्धीवर येताच तिनं आधी दंड चाचपला.

नवरा कापसाच्या गाड्या घेऊन वणीकडे गेला होता. दीर तिला सोडून घरी परतला होता.

"बांगड्या दे व बाई."

"टाके निघू देत, मग घाल."

"तू भातखाऊ, तुले काय समजते? माहा धनी वाटेवर हाये. हात उघडा ठिवून त्याच्या जिवावर उठू काय?" आणि हसत पुढं म्हणाली, "तुया हात तं उघडाच हाये, तुले कायचं भेव!"

बोलून गेली आणि तिनंच जीभ चावली. माझ्या बांगड्या फुटून वर्षही झालं नव्हतं. मी खाली बघून फरशी पुसत राहिले.

तिसऱ्या दिवशी मीच तिच्या गाठोड्यातून डाव्या हातातल्या तीन बांगड्या काढल्या. उकळायला निघाले तर ती म्हणाली, "नको, हाड तडकते." मग नुसत्या साबणानं धुतल्या आणि पट्टीच्या वर चढवल्या. त्या घसरून पट्टीवरच बसायच्या. वर्षांनुवर्षांचा मळ त्यांच्या आतल्या बाजूला घट्ट बसला होता, तो साबणानं गेला नव्हता. मला तो दिसला होता.

पाचव्या दिवशी तिला ताप चढला. डॉक्टर यायच्या आत तिनं बांगड्या उशीखाली सारल्या, माझ्यावर ठपका येऊ नये म्हणून. पट्टी सोडली तर घाण वास आला.

"याला कुणी काही लावलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

ती गप्प राहिली. मीही. ते गेल्यावर तिनं त्या पुन्हा चढवल्या, आणि मी पाहत राहिले.

सहाव्या दिवशी ती बरळायला लागली, तेव्हा मीच त्या काढून सिस्टरांपुढं ठेवल्या आणि सगळं सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत.

"हिच्या लघवीत साखर आहे, अंगात रक्त नाही. अशा माणसाची जखम पिकायला वेळ लागत नाही, म्हणून तर इतकं जपत होतो. एकट्या बांगड्यांनी झालं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी झालं नाही, असंही म्हणता येत नाही." मग म्हणाले, "काल सांगायला हवं होतंस."

पेनिसिलीनची इंजेक्शनं चालू होती, पण सूज खांद्याकडे चढत गेली. आठव्या दिवशी सकाळी ती गेली. मला कामावरून काढलं नाही.

दुपारी तिचा नवरा आला. धुळीनं भरलेला, हातात अजून बैलांचा कासरा. त्यानं चादर बाजूला केली, उघडा डावा दंड पाहिला.

"बांगड्या कोनं काढल्या?"

"मी."

"मी जिता हावो ना बाई," तो म्हणाला. "मंग काहून काढल्या?"

सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या. काढल्या त्याआधी घातल्याही मीच, हे ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. मी तिन्ही बांगड्या आणून त्याच्या हातात दिल्या. तो स्वतःच चढवू लागला. हात इतका सुजला होता की त्या मनगटाच्या वर सरकेनात. मी तिची बोटं धरून ठेवली. थोड्या वेळानं त्यानं खटपट सोडली आणि त्या मनगटावरच राहू दिल्या.