एमएच ४१ म्हणजे बाहेरची गाडी?

मंडळी, आजचा किस्सा ऐकाच.

सकाळी ड्युटीला निघाले, तर पार्किंगमध्ये टोइंगवाल्याने माझी कार पुढून उचललेली! मी सरळ त्याच्या गाडीसमोर जाऊन उभी राहिले.

"मॅडम, बाजूला व्हा. सोसायटीने बोलावलंय मला."

शेजारी आमचे चेअरमन काका. म्हणे, "बाहेरची गाडी आहे. नंबर बघा ना. नाशिकची असती तर एमएच १५ असती. ही ४१, मालेगाव पासिंग!"

"अहो काका, मी नामपूरची, मालेगावच्या बाजूची. आमच्याकडे सगळ्यांना हाच नंबर मिळतो. दोन वर्षं तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतेय, रोज जिन्यात भेटता तुम्ही मला!"

मोबाईलवर भाडेकरार उघडला, पार्किंगची ओळ दाखवली. काका खिशात चष्मा शोधत बसले. टोइंगवाल्याने मात्र वाचलं आणि निमूट माझी कार खाली सोडली.

तेवढ्यात शेजारची कार दिसली. एमएच ०१. चार दिवस तिथेच उभी आहे.

"आणि ही हो?"

"ती आमच्या मेव्हण्यांची. मुंबईचे पाहुणे आहेत ते."

म्हणजे मुंबईची गाडी पाहुणी, आणि याच जिल्ह्यात जन्मलेली मी बाहेरची!

भाड्याने राहणाऱ्यांनो, तुमच्या सोसायटीत तुम्ही कोण आहात?