फुलीमास्तर आणि एक चांगली कविता

पुरोगामी लोकांच्या छापखान्यात मी नऊ वर्षं काढली. आता कुणी स्वतःला पुरोगामी म्हणवून घेतलं की मी आधी विचारते, तुमच्या घरी भांडी कोण घासतं? माणसं हसतात. त्यांना वाटतं मी थट्टा करते आहे. मी थट्टा करत नसते. मला किळस आलेली असते, आणि ती कशी आली हे सांगायचं तर फुलीमास्तरांपासून सुरुवात करावी लागेल.

मास्तर आमच्या संस्थेच्या मासिकाचे प्रूफ तपासणारे. जिन्याखालच्या खोलीत आम्ही दोघं बसायचो. एक टेबल, बारीक अक्षरं बघायचं भिंग, दोन खुर्च्या, जुन्या हस्तलिखितांचे खोके, आणि बांधणीखात्याच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी. माझं काम वाचायचं. लेखकाचा मूळ कागद मी मोठ्यानं वाचायची, आणि मास्तर समोरच्या छापील पानावर बोट सरकवत जायचे. स्वल्पविराम आला की ‘स्वल्पविराम’ म्हणायचं, पूर्णविराम आला की ‘पूर्णविराम’. कवितेत प्रत्येक ओळ संपली की ‘ओळ’ म्हणायचं. दिवसभर हे केल्यावर घरी नवऱ्याशी भांडतानासुद्धा माझ्या तोंडून एकदा ‘पूर्णविराम’ गेलं होतं. भांडण मात्र थांबलं नाही.

फुलीमास्तर हे नाव त्यांना कवींनी दिलं. कविता खराब वाटली की मास्तर समासात शिसपेन्सिलीनं बारीकशी फुली मारत. शब्द मात्र एकही बदलत नसत. “शब्द लेखकाचा, चूक माझी,” असं त्यांचं म्हणणं. फुली हे नुसतं मत. कवीनं ते घ्यावं, नाहीतर खोडरबरानं पुसून टाकावं. बहुतेक कवी पुसून टाकत. पालथ्या घड्यावर पाणी.

तरुणपणी मास्तरांनी मोर्चात डोकं फोडून घेतलं होतं. कपाळावर वण होता. मालकशाही, जातिभेद, बायकांना दुय्यम मानणं, या सगळ्याबद्दल त्यांची मतं आमच्या संपादकांपेक्षा जहाल होती, फक्त ते ती चढ्या आवाजात बोलत नसत. त्यांचा राग होता तो कवितांवर. “आपलं राजकारण बरोबर आहे म्हणून आपली कविता बरोबर होत नाही, बाई,” ते मला म्हणत. “उलट खोटी कविता चांगल्या राजकारणाची वाट लावते. लोकांना वाटतं, हे बोलतात तेही असंच पोकळ असणार.” एका तरुण कवीच्या एकाच कवितेत तीन मशाली होत्या. मास्तरांनी त्याला बसवून विचारलं, “मशाल कधी हातात धरली आहेस? तेल मनगटावर गळतं. चटका बसतो. धुरानं डोळ्यांतून पाणी येतं. यातलं काय आहे इथं?” तो कवी पुढे आमच्याकडे आला नाही. दुसऱ्या मासिकात त्याची पाच मशालींची कविता आली.

नव्या कवींसाठी मास्तरांनी दोन पानांचं एक पत्रक लिहिलं होतं. संस्था ते शिबिरांत वाटायची. पाहिलेलं लिहा, मोठे शब्द रिकाम्या डब्यासारखे वाजतात, कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी समजू नये, अशी त्यात दहाबारा सूत्रं होती. मला ती पाठ झाली होती. दुर्दैवानं इतरांनाही झाली होती.

आमच्या संस्थेत सगळे एकमेकांना ‘साथी’ म्हणत. साथी संपादक, साथी खजिनदार, अगदी साथी टपालवाले. फक्त बांधणीखात्यातल्या बायकांना कुणी साथी म्हणत नसे. त्या मावशी. त्यांतली सगळ्यांत जुनी मावशी त्रेपन्न वर्षांची, ठेंगणी, बोलायला फटकळ. पानं दुमडणं, शिवणं आणि कडा कापायच्या यंत्रावर गठ्ठा लावणं हे तिचं काम. आमच्या खिडकीतून ती मास्तरांना ओरडून सांगायची, “मास्तर, आज फार कविता आहेत हो! पानं निम्मी कोरी. आमचा कागद फुकट जातो.” मास्तर म्हणायचे, “मावशी, टीकाकार व्हा तुम्ही.”

एकदा विशेषांक अडला होता. दुसऱ्या दिवशी मेळावा, आणि निम्म्या प्रती कापायच्या राहिलेल्या. संपादक स्वतः बांधणीखात्यात येऊन उभे राहिले. कडा कापायच्या यंत्राला पात्यापुढे एक जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. दर वेळी ती वर करा, गठ्ठा सरळ करा, परत खाली घ्या, यात वेळ जातो. जाळी निघाली. दुपारी साडेतीनच्या सुमारास आम्हाला खिडकीतून आधी यंत्र थांबल्याचा आवाज आला आणि मग मावशीचा. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आठवड्यानंतर संपादकांनी एक कविता पाठवली. त्यांच्याच अक्षरात, खाली अपघाताची तारीख. मी वाचायला घेतली.

“जाळी काढ, मी म्हणालो, उशीर होतोय, ओळ. तिनं काढली, पूर्णविराम, ओळ. पातं खाली आलं तेव्हा, ओळ, मी घड्याळ बघत होतो, पूर्णविराम.”

एवढीच. मास्तरांचं बोट छापील पानावर शेवटच्या शब्दापाशी थांबलेलं होतं. पेन्सिल त्यांनी उचललीच नाही. म्हणाले, “परत वाच. ‘ओळ’ म्हणू नकोस.” मी परत वाचली. “बावीस वर्षं हा माणूस लिहितोय,” ते म्हणाले, “आणि आज पहिल्यांदा त्यानं कविता लिहिली.”

माझ्याही अंगावर काटा आला होता. मला वाटलं, चला, माणसाला लाज वाटली. लाज वाटलेला माणूस सुधारतो, असं तेव्हा मी मानत होते.

तीन दिवसांनी संपादकांनी ती कविता परत मागवली आणि दुसरी पाठवली. विषय तोच. ‘भांडवलाच्या कराल जबड्यात कोवळी बोटं चिरडली, आणि इतिहासाचं पान लाल झालं’, अशा सोळा ओळी. त्रेपन्न वर्षांच्या बाईची कोवळी बोटं! ज्या हातांना डिंकानं आणि दोऱ्यानं भेगा पडलेल्या, ती बोटं कोवळी! मास्तरांनी इतक्या जोरात फुली मारली की कागद फाटला. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते एका कवीशी भांडायला जिना चढून वर गेले. मी मागोमाग गेले, कारण त्यांचा रक्तदाब मला ठाऊक होता.

“पहिली का काढलीत?” मास्तरांनी विचारलं.

“ती फार वैयक्तिक होत होती, साथी,” संपादक चष्मा पुसत म्हणाले. “प्रश्न एका माणसाचा नाही. आपल्याला व्यक्तीकडून व्यवस्थेकडे जायला हवं.”

“घड्याळ व्यवस्था बघत नव्हती. तुम्ही बघत होतात.”

संपादक गोड हसले. “म्हणून तर तुम्ही तपासता आणि आम्ही लिहितो.”

त्याच दिवशी आम्हाला कळलं की कविता का बदलली. कार्यालयानं अपघाताचा अहवाल तयार केला होता. जाळी कामगार महिलेनं स्वतःहून काढली, अपघात तिच्या निष्काळजीपणामुळे झाला, सबब तिला कामावर परत घेऊ नये. खाली संपादकांची सही. मावशीचं म्हणणं अगदी सरळ होतं. साहेबांनी सांगितलं म्हणून काढली. पण ते ऐकलं कुणी? यंत्राच्या आवाजात कोण काय ऐकणार, आणि ज्यांनी ऐकलं त्यांना आपली बोटं आणि आपली नोकरी दोन्ही हवी होती. त्यांना मी नावं ठेवत नाही. ठेवायला वर बरेच लोक आहेत.

मात्र मूळ हस्तलिखित आमच्या खोक्यात होतं. संपादकांनी छापील पान परत नेलं होतं, हातानं लिहिलेला कागद ते विसरले. मास्तर दोन दिवस त्या खोक्याकडे बघत बसले. प्रूफखोलीतलं बाहेर न्यायचं नाही हा त्यांचा नियम. कित्येक कवींच्या कित्येक भानगडी त्या खोक्यात होत्या, आणि मास्तरांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “चल. हे तू वाचलंयस. तू साक्षीदार.”

मावशीच्या तक्रारीवरून संस्थेनं चौकशी समिती नेमली होती, तिच्यात तिघं होते. निवृत्त प्राध्यापक, म्हणजे मोठे समीक्षक. एक वकील. आणि महिला आघाडीच्या अध्यक्षबाई. संपादकही बसले होते, मान खाली घालून. जिन्यात मी मास्तरांना हात जोडून सांगितलं होतं, “कागद द्या. अक्षर संपादकांचं, तारीख अपघाताची, एवढंच बोला. आणि मग गप्प बसा. शपथ आहे तुम्हाला.”

माणसाचा मूळ स्वभाव कुठे जातो? मास्तरांनी कागद उलगडला आणि म्हणाले, “या संस्थेनं इतक्या वर्षांत छापलेल्या सगळ्या कवितांपेक्षा ही कविता चांगली आहे.”

झालं! घोडं तिथंच पेंड खाऊ लागलं. मास्तरांनी ती वाचली, आणि वाचून थांबले असते तरी निभावलं असतं. पण ते ‘तिनं काढली’ ही ओळ एवढी छोटी का, तिच्यानंतर थांबावं का लागतं, हे समजावायला लागले. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

प्राध्यापक पुढे सरसावले. “शेवटचं घड्याळ! काय जागा आहे!” अध्यक्षबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. “किती प्रामाणिक,” त्या म्हणाल्या. वकील बिचारे कोरडे. त्यांनी विचारलं, “म्हणजे ही कबुली समजायची का? संपादकांनी जाळी काढायला सांगितली, असं हे लिहून देतायत.”

“साथी,” प्राध्यापक म्हणाले, “कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे. हे आपल्या मास्तरांनीच पत्रकात लिहिलंय.”

मी म्हटलं, “पण हे अक्षर त्यांचं आहे. खाली त्या दिवसाची तारीख आहे.”

“बाई, कवितेखालची तारीख हाही कवितेचाच भाग असतो.”

“आणि हा ‘मी’,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “हा मला आपण सगळेच वाटतो.”

सगळेच! म्हणजे कुणीच नाही. पाऊण तास ते बोलत होते. त्या चार ओळींत अपराधभाव कसा आहे, मध्यमवर्गाचं आत्मपरीक्षण कसं आहे. मावशीचं नाव एकदाही निघालं नाही. मास्तर दोनदा म्हणाले, “अहो, पण त्या बाईंचं काय?” दुसऱ्या वेळी आवाज चढला होता. प्राध्यापकांनी प्रेमानं त्यांच्या हातावर हात ठेवला. मला त्या खोलीची, त्या चहाच्या कपांची, त्या ओल्या रुमालाची शिसारी आली. दुष्ट माणसं असती तर बरं झालं असतं. ही सगळी हळवी माणसं होती.

अहवाल कायम राहिला. उठता उठता संपादक म्हणाले, “मास्तर, तुमचं बरोबर होतं. पहिलीच छापू या.”

जिना उतरताना मास्तर कठड्याला धरून उतरत होते. मी तोंडाला येईल ते बोलले त्यांना. “तुम्हाला कविता वाचवायची होती की मावशीला?” उत्तर आम्हा दोघांना माहीत होतं, आणि मास्तरांना ते माझ्याही आधी कळलं होतं.

संध्याकाळी आम्ही मावशीकडे गेलो. दोन खोल्यांचं घर, जिन्याच्या तोंडाशी. तिची सून भाजी चिरत होती, मावशी डाव्या हातानं कपड्यांच्या घड्या घालत होती. उजवा हात फडक्यात. आम्हाला बघून तिनं घड्या बाजूला सारल्या.

“काय म्हणाले?”

मास्तर उभ्यानंच बोलले. नोकरी गेली हे आधी सांगितलं, एका दमात. मग कागद दाखवल्याचं सांगितलं, त्यात काय लिहिलं होतं तेही सांगितलं. पाठच होतं. मावशीनं चारही ओळी नीट ऐकून घेतल्या.

“हे त्यांनी स्वतः लिहिलंय?”

“स्वतः.”

“मी म्हणालो, काढ. असं?”

“असंच.”

“आणि तिघांनीही ऐकलं?”

“ऐकलं, मावशी. मी वाचून दाखवलं.”

मावशी माझ्याकडे वळली, मग परत मास्तरांकडे. ती चिडली नव्हती. कुठलीशी साधी गोष्ट आपल्याच ध्यानात येत नाहीये असं वाटून ती गोंधळली होती. “मग माझंच खरं ठरलं की. तरी मला काढलं? त्यांना ते कळलं नाही का, मास्तर?”

“कळलं,” मास्तर म्हणाले. “त्यांना ते फार आवडलं.”