गच्चीवर रेंज चांगली येते

मागच्या महिन्यात अडीच वर्षांनी आष्ट्याला घरी आलो. आईवडिलांची आठवण आली म्हणून नव्हे... पासपोर्टची पानं संपली म्हणून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल उगीच चांगलं मत व्हायला नको.

इथं फॉलो करणाऱ्यांना माहीतच आहे, मी जगभर फिरत फिरत काम करतो. एक बॅग, एक लॅपटॉप... थोडे महिने जॉर्जिया, मग व्हिएतनाम, मग पोर्तुगाल. काम ॲप टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायच्या. त्यात मी बऱ्यापैकी हुशार समजला जातो.

आईला माझी दाढी बघवत नाही. म्हणून स्टँडवर उतरल्या उतरल्या आधी बबनमामांच्या सलूनमध्ये शिरलो. लहानपणापासून माझे केस त्यांच्याच हातचे. एक गाल झाला आणि मामांनी सहज विचारलं, "वैनींचा हात उचलतोय का रं आता जरा?"

मी म्हटलं, कसला हात?

आरशात त्यांचा चेहरा पडलेला दिसला. "तुला म्हाईत न्हाई व्हय..." एवढंच म्हणाले. दुसरा गाल त्यांनी घाईघाईनं उरकला, आणि मीही पुढं विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

घरी आई सोप्यात खुर्चीवर बसली होती. उजवा हात मांडीवर, पदराखाली. मला बघून उठली, तर उजवा पाय मागं राहिला... गेल्या गणपतीत, गौरी जेवायच्या दिवशी सकाळी तिला अर्धांगाचा झटका आला होता. त्याला नऊ महिने झाले. सुरुवातीचे तीन रविवार तात्यांनी 'ती माहेरी गेलीय' म्हणून टाळले होते. पण त्यानंतर एकही रविवार असा नव्हता, की मी तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोललो नाही.

मी तात्यांवर खूप ओरडलो. तात्या म्हणजे माझे वडील, वीस वर्षं फौजेत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ड्युटीवरच्या माणसाला असलं कळवायचं नसतंय," ते म्हणाले. "तिथनं तू काय करणार हुतास? नुस्ता जीव टांगणीला. आबा गेल्यालं मला बी स्टँडवरच कळलं हुतं."

आबा म्हणजे माझे आजोबा. ते गेले तेव्हा तात्या पार तिकडं वर, सीमेवर होते. आमच्याकडच्या फौजी घरांत ही जुनी रीतच आहे... पत्रात सगळं क्षेमकुशल, वाईट काय असेल ते रजेवर आल्यावर. तात्यांनी तीच रीत मला लावली. पोरगा लांब आहे, म्हणजे ड्युटीवर आहे.

मी कसल्या ड्युटीवर होतो हो... आईला झटका आला त्या सकाळी मी व्हिएतनाममधल्या दा नांगला कुठल्या कॅफेतनं समुद्र दिसतो आणि वायफायही चांगलं आहे, याची यादी टाकली होती. इथंच. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लाईकही केली होती.

राग दोन दिवसांत उतरला. मग आठवायला लागलं, आणि ते जास्त वाईट होतं.

आई कॉल संपताना डाव्या हातानं टाटा करायची. मी ते बघितलं होतं. मनात म्हटलं, फ्रंट कॅमेरा आहे, उलटं दिसत असेल. खरं तर उलटे आपण फक्त स्वतःला दिसतो, समोरच्याला सरळच दिसतो. हे मला माहीत नाही असं नाही, माझं कामच ते आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिचं बोलणं तुटक यायचं. शब्द लांबायचे, मधेच अडकायचे. मला वाटायचं, नेट स्लो आहे. "आई, तिथं रेंज नाही, गच्चीवर जा ना," असं मी दर रविवारी म्हणायचो... थोडा वैतागूनच.

आणि ती जायची.

घरी आलो त्या दिवशी जिन्याला एक नवा लोखंडी पाईप बसवलेला दिसला होता. मला वाटलं, तात्यांचे गुडघे दुखत असतील. तो आईसाठी होता. पाच मिनिटांच्या कॉलसाठी ती अर्धा तास आधी जिना चढायला लागायची. पुढं तात्या, मागं पाईप धरून ती.

मी तिला विचारलं, अगं, सांगायचंस तरी. ती सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तूच... म्हणालास न्हवं... वर गेल्यावर... नीट दिसतीस म्हणून."

सांगलीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, सुरुवातीच्या महिन्यांत व्यायाम नियमित झाला असता तर हात बराच सुधारला असता. रोज सांगलीला नेणं तात्यांना एकट्याला जमेना, म्हणून महिन्याभरात ते थांबलं होतं. आता मी नेतो, रोज. परवा तिनं उजव्या हातानं पेला धरला. निम्मं पाणी सांडलं. भाकरी थापणं आता होणार नाही, असं ती स्वतःच म्हणते.

नवा पासपोर्ट आलाय, कोऱ्या पानांचा. कपाटात ठेवलाय. कधी काढेन ते मला माहीत नाही.

हे लिहायचं कारण एवढंच, की तुमच्यातले बरेच जण लांब आहेत. घरी फोन केल्यावर "कसे आहात" विचारू नका. ते मजेतच असतात, कायम. त्यापेक्षा त्यांना एकदा दोन्ही हात वर करून दाखवायला सांगा.