आरशातली चांदणी आणि लाल रेघ

माझ्या बाबांवर अन्याय झाला. मागच्या बुधवारी, संध्याकाळी सात वाजायला दहा मिनिटं असताना, शिवाजी नगरातल्या आमच्या मानसशास्त्राच्या वर्गात, लाल पेनानं. बाबा तेव्हा अयोध्या नगरच्या घरी कोथिंबीर निवडत होते. त्यांना पत्ताही नव्हता.

मी एकोणतिसाव्या वर्षी या वर्गात नाव घातलं. आठ वर्षं कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाटली. लोकांनी त्यांत शेंगदाणे गुंडाळले. माणसं वाचत का नाहीत, एवढं तरी कळावं!

प्रयोग असा: कागदावर दुहेरी रेषांची चांदणी. हात फळीआड, तो फक्त समोरच्या आरशात दिसतो. आरशात बघत दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची. रेषेला लागली की चूक. सगळं उलटं दिसतं, त्यामुळे पहिल्या फेरीत भलेभले गडबडतात. मी सामान घरी नेऊन बाबांना बसवलं. पहिली फेरी, शून्य चुका. दहावी, शून्य. तसंच वहीत लिहिलं.

बुधवारी सरांनी त्या पानावर लाल आडवी रेघ मारली. "बेटा, ये घर बैठे भर लिया तुमने. पहली बार में ज़ीरो किसी का नहीं आता."

खोटं? मी? शुक्रवारी बाबांनाच घेऊन निघाले.

"अगं, इस्त्रीचा शर्ट घालू का?"

"बाबा, आपण भांडायला चाललोय."

"म्हणून तर विचारतोय."

सरांनी स्वतः फळी लावली. बाबांनी चष्मा पुसला आणि चांदणी एका दमात फिरवली. शून्य! सर कागद उजेडात धरून बघत राहिले. "अंकल, आप करते क्या थे?"

"कारखाने में वेल्डिंग. बॉयलर की नली के पीछे हाथ जाता है, आँख नहीं जाती. तो आईने में देखके. चौंतीस साल."

वर्गानं बाकं बडवली. सर हसत स्वतःच फळीमागे बसले. बाबा मागे उभे राहून मोठ्यानं चुका मोजायला लागले. "हाथ को भूल जाओ, साहब! बारह... तेरह..." एवढे खूश बाबा मी निवृत्तीच्या समारंभातही पाहिले नव्हते. सरांनी लाल रेघ रद्द करून तिच्यावर सही केली, आणि तक्त्यात सगळ्यांसाठी एक नवा रकाना आखला: काम.

आता माझा गुन्हा. कामगारांच्या हक्कांवर आठ वर्षं घसा फोडला, आणि आरशाचं हे काम मलाही त्या वर्गातच कळलं.

तुमच्याही घरी कुणी कोथिंबीर निवडत बसलं असेल. आज जेवणाआधी त्यांना विचारा, तुम्ही नेमकं काय काम करत होतात? आणि त्यांचं सांगून होईपर्यंत उठू नका.