तिसरा भाग सगळे आल्यावर

आमच्या रविवारच्या कंपूत किस्से कसे साठतात, ते पाहायचं असेल तर नंदू जाधवच्या गोदामात जाऊन या. ग्वाल्हेरच्या पडावला, स्टेशनपासून दोन पावलांवर त्याचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. मागच्या गोदामात एका कोपऱ्यात कोणीच न्यायला न आलेली पार्सलं पडलेली असतात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नाही! आमच्या किश्श्यांचं अगदी तसंच झालंय. म्हणून म्हटलं, थोडे आज मोकळे करू. शेवटचा सांगताना माझा आवाज जरा कापेल, तेवढं समजून घ्या. मी इन्शुरन्सच्या ऑफिसात आहे. काय काय बिघडू शकतं, याचा विचार करायचा मला पगार मिळतो, आणि मी तो विचार सुट्टीच्या दिवशीही फुकट करतो.

तर नंदूच्या ऑफिसच्या वरच्या खोलीत एक भला मोठा टीव्ही आहे. दर रविवारी सकाळी तिथे आम्ही चौघं जमतो. नंदू, मी, शिंदे की छावनीतले आपटे सर, म्हणजे फिजिक्सचे रिटायर्ड प्रोफेसर, आणि त्यांची मुलगी कल्याणी. ती दातांची डॉक्टर, दवाखाना सिटी सेंटरला. नंदूची बायको, सुनंदावहिनी, बेडई-भाजी, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, घेऊन येतात, "मला नाही बाई तुमचे सिनेमे आवडत" म्हणतात आणि अख्खा सिनेमा दारात उभ्या राहून बघतात.

वाद वर्षानुवर्षं एकच. जगातली सगळ्यात भारी ट्रिलॉजी कोणती?

त्याचे नियम आहेत. एकेकाने आपली ट्रिलॉजी आणायची. ती फक्त त्यानेच आधी पाहिलेली असणार, बाकीच्यांनी टीव्हीवर हात ठेवून शपथ घ्यायची की आपण चोरून बघणार नाही. सिनेमाचं नाव घ्यायचं नाही, कारण नाव घेतलं की कल्याणीचा फोन बाहेर निघतो, कुठल्या तरी साइटवरचे मार्क ती वाचून दाखवते आणि वादच संपतो. म्हणून आमच्याकडे ट्रिलॉजीला माणसाचं नाव असतं. 'सरांची', 'नंदूची', 'माझी'. तीन रविवार तीन भाग. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे, तिसरा भाग सगळे हजर असल्याशिवाय लावायचा नाही. मग वोट.

आजवर एकही ट्रिलॉजी जिंकलेली नाही. प्रत्येक जण आपल्याच ट्रिलॉजीला वोट देतो!

*

सरांनी पहिल्यांदा आपली आणली तेव्हाची गोष्ट. तिन्ही सिनेमे परदेशी, तिन्ही संथ, आणि पहिल्या भागातला एकही माणूस दुसऱ्या भागात नाही. दुसऱ्यातला तिसऱ्यात नाही. नंदू बिचारा तीन रविवार हिरोची वाट बघत बसला.

"सर जी, तो चष्मेवाला कुठे गेला?"

"तो आता यायचा नाही, नंदू."

"मर गया क्या?"

"मेला नाही रे. त्रयीत सूत्र एक असतं. माणसं एक असायला पाहिजेत असं कुठे आहे?"

"मग सूत्र काय आहे?"

सरांनी चष्मा पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, "एकाकीपण."

कल्याणी बेडईचा तुकडा मोडत म्हणाली, "बाबा, दुसरा भाग तुम्ही घोरत काढलात. एकाकी आम्ही होतो!"

*

नंदूच्या ट्रिलॉजीवर तर खरं संकट आलं. तिचा चौथा भाग निघाला!

सरांनी लगेच निकाल दिला, चार भाग झाले की ती ट्रिलॉजी राहत नाही, बाद. नंदू म्हणाला, "सर जी, वो बनी ही नहीं." सर म्हणाले, अरे, सिटी सेंटरला एवढं मोठं पोस्टर लागलंय. नंदू म्हणाला, "मी नाही पाहिलं."

आणि खरंच नाही पाहिलं. ते पोस्टर उतरेपर्यंत हा गृहस्थ सिटी सेंटरच्या रस्त्याने गेलाच नाही. त्याच सुमारास त्याची दाढ दुखायला लागली. कल्याणीचा दवाखाना बरोब्बर पोस्टरच्या समोर. गाल सुजला, ताप आला, मला तर जबड्यात काय काय होऊ शकतं ते सगळं दिसायला लागलं, पण नंदू जायला तयार नाही. शेवटी कल्याणीच हत्यारं घेऊन पडावला आली आणि बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावत्या फाडायच्या टेबलाशी खुर्चीवर बसवून तिने त्याची दाढ काढली.

तोंडात कापूस असतानाही पठ्ठ्या पुटपुटला, "तीनच भाग आहेत."

*

पण नियमाचा नंदूइतका पक्का माणूस मी पाहिला नाही, हेही सांगायला पाहिजे.

कल्याणीची ट्रिलॉजी चालू होती. खुनाची. दुसरा भाग ऐन रंगात आलेला, आणि नंदूचा बुकिंग क्लार्क सही घ्यायला वर आला. टीव्हीकडे एक नजर टाकून म्हणाला, "अरे, ये वाली! इसमें तो आखिर में वकील ही निकलता है!"

नंदूने सही केली, क्लार्कला खाली पाठवलं आणि उठून उभा राहिला. पुढच्या रविवारी तिसरा भाग लागला तेव्हा हा बाहेर जिन्यात बसला. दार बंद करून! आम्ही आतून बोलावतोय, अरे ये, आम्हालाही कळलंय शेवट. हा आपला एकच, "ज्याला शेवट माहीत, त्याला वोट नाही."

"आणि आम्ही?"

"तुमचं तुम्ही बघा. माझा क्लार्क होता, जिम्मेदारी माझी."

त्या रविवारी वोट झालाच नाही.

*

मध्ये कल्याणीला पुण्याचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला होता, नोकरी चांगली, मराठी तर अशी शुद्ध की आम्ही ग्वाल्हेरवाले त्याच्यापुढे जपून बोलत होतो. सरांनी त्याला मोठ्या अभिमानाने आमच्या रविवारबद्दल सांगितलं. तो हसून म्हणाला, "एवढा वेळ कशाला घालवता? मी सगळं दीडपट वेगाने बघतो. गाणी सोडूनच देतो."

सरांचा चेहरा उतरला. मुलगा गेल्यावर म्हणाले, "हुशार आहे, पण हा संसारसुद्धा दीडपट वेगाने उरकेल!"

कल्याणी म्हणाली, "बाबा, निदान तो जागा तरी राहील!"

स्थळ पुढे गेलं नाही. नको तीच म्हणाली.

*

मग माझी पाळी आली. माझी ट्रिलॉजी एका ट्रक ड्रायव्हरची. पहिल्या भागात तो घर सोडतो. दुसऱ्यात त्याचं होतं नव्हतं ते सगळं जातं. तिसऱ्यात तो घराकडे निघतो. नंदू पहिल्याच भागात खुर्ची पुढे ओढून बसला. "ये बंदा सच में गाडी चलाता है! गिअर बघ, गिअर!" दुसरा भाग संपला तेव्हा तो डोळे पुसत होता आणि वहिनी दारातून आत येऊन बसल्या होत्या.

मला वाटलं, या वेळी मला दुसऱ्या कोणाचा तरी वोट मिळणार.

त्याच आठवड्यात जिना चढताना नंदूला दम लागला. त्याने ते हसण्यावारी नेलं, मी नेऊ दिलं नाही. तपासण्या झाल्या. हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या, बायपास करायचं ठरलं. मी रिपोर्ट तिसऱ्यांदा वाचत होतो आणि हा माणूस मलाच म्हणतो, "तीन निकले, यार! ट्रिलॉजी!"

मी हसलो नाही. मला हसताच येईना.

*

ऑपरेशन मंगळवारी. त्याच्या आधीचा रविवार तिसऱ्या भागाचा. नंदूचा फोन आला, "रविवारी लाव. मी अ‍ॅडमिट होण्याआधी बघून घेतो."

आता एक गोष्ट फक्त मला माहीत होती. तिसऱ्या भागात तो ड्रायव्हर आजारी असतो. रात्रंदिवस गाडी चालवत तो घरासमोर येतो, इंजिन बंद करतो आणि स्टिअरिंगवर डोकं टेकतो. मग त्याची आई दार उघडते, गाडीजवळ येते, त्याला हलवते. तो गेलेला असतो.

हे मी नंदूला दाखवू?

सरांच्या घरी नंदूला वगळून आमची मीटिंग झाली. शेवट सांगायला नियमाने मनाई, म्हणून मी नुसतं म्हणालो, "नको. तिसरा भाग जरा जड आहे." सर म्हणाले, अरे, माणसाची इच्छा आहे, आणि आपण नाही दाखवला आणि समजा... तिथेच ते थांबले. कल्याणी म्हणाली, आणि दाखवला तर त्याला वाटेल, आपल्याला वाटतंय की... तीही थांबली. सगळे अर्धी अर्धी वाक्यं बोलत होते. उरलेली अर्धी मी मनात पूर्ण करत होतो.

वहिनी म्हणाल्या, "राहू द्या तिसरा भाग. त्यांचं काहीतरी बाकी असू दे. परत यायला काम पाहिजे माणसाला."

मी फोन करून नंदूला सांगितलं. तो असा भडकला की मला भीती वाटली, ऑपरेशनच्या आधीच काहीतरी व्हायचं. "साले, दोस्त हो या क्या हो!" म्हणाला आणि फोन ठेवला. तो रविवार मी घरीच काढला. बंद टीव्हीसमोर बसून.

*

सोमवारी संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो तेव्हा नंदू झोपला होता. वहिनी हळूच म्हणाल्या, "दुपारभर कानात ते घालून मोबाइलवर भजनं ऐकत होते. मध्येच रडले सुद्धा. मी विचारलं तर म्हणाले, भजन अच्छा था."

नंदू आणि भजनं! एवढा घाबरलाय तर, असं वाटलं.

सकाळी त्याला स्ट्रेचरवरून न्यायला आले. वहिनींनी त्याच्या कपाळावर अंगारा लावला, सरांनी पाठ फिरवली, कल्याणी डॉक्टर असून भिंतीला धरून उभी होती. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नंदूने माझा हात पकडला. वॉर्डबॉय थांबला.

"मिलिंद, एक बात बता. तो वाचतो का?"

"कोण?"

"ड्रायव्हर. तिसऱ्या भागात. घर पोहोचतो ना?"

नियम मला तोंडपाठ आहेत. शेवट सांगायचा नाही. आणि मला खोटं बोलता येत नाही, माझे कान लाल होतात, सगळ्या ऑफिसला माहीत आहे. नंदू माझ्या कानांकडेच बघत होता.

"वाचतो," मी म्हणालो. "आरामात वाचतो. आईच्या हातचं जेवतो."

त्याने माझे कान एकदा नीट पाहिले. मग माझा हात दाबून म्हणाला, "तू बोलतोयस तर वाचतो."

दार बंद झालं. ते पुन्हा उघडेपर्यंत मी काय केलं, मला आठवत नाही. कल्याणी सांगते की मी पंख्याखाली उभा राहून घाम पुसत होतो.

*

ऑपरेशन छान झालं. आणि माझी झोप उडाली!

कारण आता तिसरा भाग लावावा लागणार होता. नंदूला जिने चढायची परवानगी मिळेपर्यंत मी रोज नवी सबब शोधत होतो. डिस्क खराब झाली म्हणू? टीव्ही बिघडला म्हणू? शेवटी ठरवलं, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं की रिमोट दाबायचा आणि 'संपला' म्हणायचं. पुढचं कोणाला माहीतच नाही! घरी चार वेळा प्रॅक्टिस केली.

रविवार उजाडला. सगळे हजर. नंदू उशी छातीशी धरून मधल्या खुर्चीत, पार वाळलेला, हात वर करायची अजून मनाई. वहिनी त्याच्या शेजारी. सर चक्क जागे. मी सिनेमा लावला, तेवढ्यात नंदूने हात पुढे केला.

"रिमोट इकडे दे."

"अरे, ज्याची ट्रिलॉजी त्याच्याकडे रिमोट..."

"पेशंट मी आहे. दे."

दिला. काय करणार? तिथून पुढे मी सिनेमा पाहिलाच नाही, नंदूच्या मांडीवरच्या रिमोटकडे बघत होतो. घाट आला, नंदू हसला. ढाबा आला, कल्याणीने रुमाल काढला. मग गाव दिसायला लागलं. उठून वायर खेचावी का? सुनंदावहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

ट्रक घरासमोर थांबला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. हेडलाइट विझले. स्टिअरिंगवर डोकं टेकलं. घराच्या दाराची कडी वाजली.

नंदूने रिमोट दाबला. टीव्ही काळा झाला.

"पोहोचला," तो म्हणाला. "संपला सिनेमा."

सोमवारची ती भजनं मला आत्ता कळली. मी त्याच्याकडे बघत होतो, तो बंद टीव्हीकडे बघत होता.

"वोट घ्या ना! माझा मिलिंदला," म्हणत त्याने हात सरळ वर केला.

"अहो, हात खाली घ्या!" वहिनी ओरडल्या.